विजेची जोडणी आणि मूलभूत मानवी हक्क : हुबळी शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लॅमिंग्टन रोड म्हटले की मराठी वाचकाला मुंबईतील रेडिओ, टीव्ही आणि संगणकाच्या सुट्या भागांची बाजारपेठ आठवते. त्याच नावाचा एक रस्ता हुबळीतही आहे. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत हुबळीचा कारभार मुंबईहून चालत होता. आज हुबळी-धारवाड महानगरपालिका कर्नाटकात आहे, पण रस्त्याचे नाव लोकांच्या तोंडी तेच राहिले.

या रस्त्याचा आणि प्रस्तुत विषयाचा संबंध दूरचा नाही. हुबळी शहराला वीज पुरविणाऱ्या एका खाजगी कंपनीचा खटला स्वातंत्र्याच्या सुमारास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला होता, आणि तो भारतीय प्रशासकीय कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकविला जातो. त्या खटल्यात वीज हा सरकार आणि कंपनी यांच्यामधला विषय होता. आज त्याच शहरातील एखादा भाडेकरू स्वतःच्या नावाचे मीटर मागतो, तेव्हा तो कोणत्या आधारावर मागतो? वीज हा मूलभूत मानवी हक्क आहे असे सर्रास म्हटले जाते. हे विधान कितपत खरे आहे आणि त्याचा व्यवहारात उपयोग काय, हे पाहणे महाविद्यालयीन अध्यापकांना उपयुक्त ठरेल. विशेषतः राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि वाणिज्य शाखांत हा विषय बहुधा घोषणेच्या स्वरूपात शिकविला जातो, आणि विद्यार्थी घरी जाऊन बघतो तर बिल घरमालकाच्या नावावर असते.

हुबळी इलेक्ट्रिसिटी कंपनीचा खटला

ब्रिटिश काळात शहरांना वीज पुरविण्याचे परवाने १९१० च्या भारतीय वीज कायद्यान्वये खाजगी कंपन्यांना दिले जात. हुबळी इलेक्ट्रिसिटी कंपनी ही अशीच एक परवानाधारक कंपनी होती. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रांतिक सरकारला परवाना रद्द करता येत असे. मात्र त्यासाठी कंपनीने कायद्याने सोपविलेल्या कामात हेतुपुरस्सर आणि अवाजवी काळ टाळाटाळ केली आहे, असे सरकारचे मत व्हावे लागे. मुंबई सरकारने या कंपनीचा परवाना रद्द केला आणि कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली.

या प्रकरणावरील प्रिव्ही कौन्सिलचा निकाल ऑल इंडिया रिपोर्टरच्या १९४९ च्या खंडात छापलेला आहे. कंपनीवर जे काम करण्याची जबाबदारी होती ते खरोखर कायद्याने सोपविलेले होते की नाही, हे न्यायालय तपासू शकते; पण टाळाटाळ झाली हे सरकारचे मत पुरेशा पुराव्यावर आधारलेले आहे की नाही, हे न्यायालयाने तपासावयाचे नाही, असा अर्थ कौन्सिलने लावला. कायद्यात 'सरकारच्या मते' हे शब्द होते आणि त्यांना कौन्सिलने पूर्ण वजन दिले. पुढे १९६६ साली बेरियम केमिकल्सच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने भूमिका बरीच बदलली. ज्या परिस्थितीवरून मत बनविले ती परिस्थिती मुळात अस्तित्वात होती का, एवढे तरी दाखवावे लागेल, असा विचार त्या निकालात पुढे आला. हुबळीच्या कंपनीचे नाव त्या चर्चेतही येते.

प्रशासकीय कायद्याच्या दृष्टीने या खटल्याचे महत्त्व एवढेच आहे. मानवी हक्कांच्या दृष्टीने मात्र दुसरीच गोष्ट नजरेत भरते. खटल्यातील पक्ष दोनच होते, परवाना घेणारा आणि परवाना देणारा. ज्याच्या घरात दिवा लागायचा किंवा विझायचा, तो हुबळीचा रहिवासी त्यात पक्षकार म्हणून कोठेच नव्हता. वीज ही सरकारने दिलेली सवलत आणि कंपनीने केलेला व्यवसाय होती.

राज्यघटना आणि आंतरराष्ट्रीय करार

भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात, म्हणजे मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, 'वीज' हा शब्द नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील कलम २५ मध्ये अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा उल्लेख आहे, विजेचा नाही. विजेचे नाव स्पष्टपणे घेणारा महत्त्वाचा करार म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासंबंधीचा १९७९ चा करार. त्याच्या कलम १४ मध्ये ग्रामीण स्त्रियांना घर, स्वच्छता, वीज आणि पाणीपुरवठा यांसह योग्य राहणीमान मिळाले पाहिजे असे म्हटले आहे. भारताने हा करार १९९३ मध्ये स्वीकारला. विजेचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात प्रथम ठळकपणे आला तो ग्रामीण स्त्रीच्या नावाने, ही बाब अभ्यासक्रमात सहसा येत नाही, पण यायला हवी.

भारतात मार्ग निघाला तो कलम २१ मधून. या कलमातील 'जीवित' या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू रुंदावत नेला. १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मलिन प्रकरणात जगणे म्हणजे माणुसकीच्या प्रतिष्ठेने जगणे असा अर्थ लावला गेला. १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या संदर्भात उपजीविका जीविताशी जोडली गेली. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या डिसेंबर १९९५ च्या निकालात निवाऱ्याच्या हक्काचे घटक सांगताना न्यायालयाने पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, हवा आणि पाणी यांच्याबरोबर विजेचेही नाव घेतले. हा खटला विजेचा नव्हता, जमीन संपादनाचा होता, हे लक्षात ठेवणे जरूर आहे. त्यातील एका वाक्याच्या बळावर कोणालाही दुसऱ्या दिवशी मीटर मिळत नाही.

येथेच 'मूलभूत हक्क' या शब्दप्रयोगाची मर्यादा दिसते. घटनेतून निघणारा हक्क भव्य असतो, पण तो मागण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे हे खरे, तरी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने मीटरसाठी रिट याचिका करावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अशा कुटुंबाला खरा आधार मिळतो तो साध्या कायद्यातील एका साध्या शब्दातून.

'भोगवटादार' हा शब्द

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे कोणत्याही जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास वितरण कंपनीने एका महिन्याच्या आत वीज दिली पाहिजे. कंपनीने तसे न केल्यास प्रत्येक दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भोगवटादार म्हणजे जो त्या जागेत प्रत्यक्ष राहतो किंवा ती वापरतो तो. कायद्याने मालकी आणि राहणे यांच्यामध्ये 'किंवा' घातले आहे, आणि भाडेकरूचा सगळा हक्क या 'किंवा'वर उभा आहे.

हा शब्द नवा नाही. १९१० च्या कायद्याच्या परिशिष्टातही मालक किंवा भोगवटादार असेच शब्द होते. म्हणजे हुबळी इलेक्ट्रिसिटी कंपनीच्या काळातही भाडेकरूला अर्ज करता येत होता. पण कंपनीने मागितल्यास त्याला निदान दोन वर्षे वीज घेण्याचा लेखी करार करावा लागे आणि तारण द्यावे लागे. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला दोन वर्षांची हमी देणे अवघडच. शब्द होता, हक्क कागदावर होता, आणि वाट अटींनी अडविलेली होती.

आता अटी सैल झाल्या आहेत. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधी नियम जारी केले. त्यात नव्या जोडणीची मुदत महानगरांत ७ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत १५ दिवस आणि ग्रामीण भागात ३० दिवस अशी ठेवली होती. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे ३, ७ आणि १५ दिवसांवर आणली गेली. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ३० दिवसांची मुदत ठेवली गेली. मुदत मोजली जाते ती अर्ज सर्व बाबतींत पूर्ण झाल्यापासून, आणि बहुतेक अर्ज अडतात ते नेमके या 'पूर्ण' शब्दापाशी.

घरमालकाचा ना हरकत दाखला

समजा, लॅमिंग्टन रोडसारख्या मध्यवर्ती रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत खाली दुकाने आहेत आणि वरच्या मजल्यावर चार कुटुंबे भाड्याने राहतात. मीटर एकच, तेही मालकाच्या नावाचे. भाडेकरूने स्वतंत्र मीटर मागितले की कार्यालयात पहिला प्रश्न येतो, घरमालकाचा ना हरकत दाखला आणला का? आणि घरमालक दाखला देत नाही, कारण भाडेकरूच्या नावाचे मीटर म्हणजे त्याच्या ताब्याचा पुरावा होईल, अशी त्याला भीती असते.

या भीतीचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. दिलीप विरुद्ध सतीश या १३ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सुविधा असून तिच्यापासून माणसाला वंचित ठेवता येत नाही असे म्हटले, आणि घरमालकाने दाखला दिला नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही हे स्पष्ट केले. वीज अधिकाऱ्याने एवढेच पाहावयाचे की अर्जदार खरोखर त्या जागेत राहतो की नाही. त्यापूर्वी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अभिमन्यू मजुमदार प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले होते. ज्याचा ताबा कायदेशीर नाही पण स्थिरावलेला आहे, त्यालाही वीज मागता येते, आणि अशा जोडणीमुळे त्याला जागेवर कोणताही मालकी हक्क प्राप्त होत नाही, असा त्याचा आशय आहे. वीजबिल हा राहण्याचा पुरावा असू शकतो, मालकीचा नव्हे. हा फरक घरमालकांना समजावून सांगितला तर निम्मे तंटे कार्यालयापर्यंत जाणार नाहीत.

वीज आहे, पण घरमालक ती मुद्दाम बंद करतो, हा वेगळा प्रकार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही, आणि त्यात पाण्याबरोबर वीज तसेच जिन्यातील आणि बोळातील दिवेही येतात. जिन्यातला दिवा कायद्यात नावाने आलेला आहे, हे चाळीत राहिलेल्यांना विशेष वाटणार नाही.

भाडेकरूच्या बाजूने सगळेच आहे असे मात्र समजू नये. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या १९ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ४३ खालील कर्तव्य निरपवाद नाही असे सांगितले. जागेवर आधीच्या ग्राहकाची थकबाकी असेल आणि नियमांत तशी तरतूद असेल, तर नवी जोडणी देण्यापूर्वी ती भरण्याची अट कंपनी घालू शकते. तो खटला लिलावात मालमत्ता विकत घेणाऱ्यांचा होता, पण जुन्या थकबाकीच्या खोलीत नव्याने राहायला येणाऱ्यालाही त्याची झळ लागू शकते. खोली घेण्यापूर्वी भाडे आणि अनामत विचारतात, तसे मागचे वीजबिल भरले आहे का, हेही विचारून घ्यावे.

एका मीटरची किंमत

हुबळी शहराचा वीजपुरवठा आज हेस्कॉम, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनी पाहते. कर्नाटकात १९९९ मध्ये वीज मंडळाचे रूपांतर महामंडळात झाले आणि २००२ मध्ये वितरणासाठी स्वतंत्र सरकारी कंपन्या निघाल्या. त्यांतील हेस्कॉमकडे धारवाड, बेळगाव, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, विजापूर आणि बागलकोट हे सात जिल्हे आले. मुख्य कार्यालय हुबळीतच नवनगरला आहे. ग्राहकाची ओळख तेथे आर.आर. नंबरने होते, आणि २०२३ पासून या नंबराला एक नवेच मोल आले आहे.

कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला मोफत वीज मिळते. मोफत युनिट किती, हे २०२३ मध्ये ठरविले गेले ते २०२२-२३ च्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून. ज्या घराचा मागील वापर उपलब्ध नाही त्याच्यासाठी २०२३ मध्ये राज्याची सरासरी ५३ युनिट धरून ५८ युनिटांची मर्यादा ठरविण्यात आली. योजना भाडेकरूलाही लागू आहे. व्यापारी जोडणीला ती लागू नाही.

आता वरच्या चार कुटुंबांचे गणित मांडून पाहावे. प्रत्येकाचा वापर महिन्याला ६० युनिट धरला तर चौघांचा मिळून २४० युनिट होतो. मीटर एकच असल्याने कंपनीच्या लेखी तो एकाच घराचा वापर आहे, आणि तो २०० च्या वर गेल्याने संपूर्ण बिल भरावे लागते. हीच चार कुटुंबे चार मीटरांवर असती तर नव्या ग्राहकाच्या मर्यादेनुसार प्रत्येकाची ५८ युनिटे मोफत झाली असती आणि पैसे द्यावे लागले असते फक्त दोन-दोन युनिटांचे. वापरलेली वीज तीच, कुटुंबे तीच. फरक मीटरच्या संख्येचा. शिवाय एकत्र मीटरवर घरमालक स्वतःचा दर लावून पैसे घेतो, तेव्हा त्याची पावती नसते. परवान्याशिवाय वीज वितरण करण्यास कायद्याच्या कलम १२ ने मनाई केली आहे, पण सहा रुपयांची वीज दहाला घेणारा भाडेकरू तक्रार करीत नाही, कारण उद्या खोली सोडावी लागेल ही भीती त्याला असते. ज्या कुटुंबासाठी योजना आहे त्याच कुटुंबाला ती चुकते, असे यामुळे घडू शकते.

आकडेवारीत हे कुटुंब दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील ९० टक्क्यांहून अधिक घरांत उजेडासाठी वीज वापरली जात होती. देशाचे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. वरच्या मजल्यावरील चारही घरे त्यात 'वीज असलेली' म्हणून मोजली जातात. खेड्यांच्या बाबतीतही असेच झाले. २००४ च्या व्याख्येप्रमाणे गावातील १० टक्के घरांत वीज आली की गावाचे विद्युतीकरण झाले असे धरले जाई, आणि एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधील लेइसांग हे शेवटचे गाव जोडले गेल्याचे जाहीर झाले तेही याच व्याख्येने. दहा टक्के घरे म्हणजे गाव आणि एक मीटर म्हणजे इमारत, हा हिशेब कंपनीला सोयीचा आहे.

तोडणीपूर्वीची नोटीस

जोडणीइतकाच तोडणीचाही प्रश्न हक्काचा आहे. १९१० च्या कायद्यात थकबाकीदाराला सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागे. २००३ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ती पूर्ण १५ दिवसांची केली. बिल चुकीचे आहे असे ग्राहकाचे म्हणणे असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती तक्रार नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अचानक आलेल्या मोठ्या बिलाने घाबरलेल्या कुटुंबासाठी कायद्यात याहून उपयोगी तरतूद क्वचितच असेल, आणि तिची माहिती फारच थोड्यांना असते. जुन्या चुकीची मागणी वर्षांनंतर काढली तर काय, याबाबत फेब्रुवारी २०२० मध्ये रहमतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन वर्षांच्या मुदतीनंतर कंपनी चुकीपोटी अधिक रक्कम मागू शकते, पण तिच्या वसुलीसाठी वीज तोडू शकत नाही.

परंतु नोटीस येते ती मालकाच्या नावे. मालकाने भाडेकरूंकडून पैसे घेतले आणि कंपनीकडे भरले नाहीत, तर अंधारात बसतो तो भाडेकरू. या अडचणीचा सर्वांत स्पष्ट विचार दक्षिण आफ्रिकेत झाला. जोहान्सबर्गमधील एका इमारतीतील भाडेकरू विजेचे पैसे नियमितपणे घरमालकाला देत होते. घरमालकाची थकबाकी वाढली आणि २००८ मध्ये महापालिकेने त्यांना न सांगता वीज तोडली. वर्षाहून अधिक काळ ती माणसे विजेशिवाय राहिली. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने जोसेफ विरुद्ध जोहान्सबर्ग शहर या प्रकरणात निर्णय दिला की भाडेकरूंचा महापालिकेशी करार नसला तरी तोडणीपूर्वी त्यांना निदान १४ दिवसांची नोटीस मिळालीच पाहिजे. त्या देशाच्या राज्यघटनेतही 'विजेचा हक्क' असा शब्द नाही. न्यायालयाने आधार घेतला तो न्याय्य प्रशासकीय वागणुकीचा. अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या १९७८ च्या खटल्यातही असाच मार्ग दिसतो. एका दांपत्याच्या घराला दोन मीटर राहून गेल्याने दोन बिले येत आणि त्यांची वीज पाच वेळा तोडली गेली. बिलाबद्दल तक्रार कोठे करायची हे तोडणीपूर्वी सांगणे बंधनकारक आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

आपल्याकडील कलम ५६ भोगवटादार भाडेकरूला नोटीस देण्याबाबत काही बोलत नाही. कलम ४३ मध्ये असलेला शब्द कलम ५६ मध्ये नाही, ही कायद्यातील खरी उणीव आहे, आणि मानवी हक्कांच्या चर्चेत ती मांडली गेली पाहिजे.

अध्यापनासाठी

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणावयास सांगणे हा साधा उपक्रम ठरेल. बिल कोणाच्या नावे आहे, जोडणी घरगुती की व्यापारी, त्या मीटरवर किती कुटुंबे आहेत, गृहज्योतीचा लाभ मिळतो का, एवढी चार उत्तरे जमविली तरी एका वर्गाचे सर्वेक्षण उभे राहते. बिल आणता आले नाही असे जे विद्यार्थी असतील, त्यांची संख्या वेगळी लिहून ठेवावी. बहुधा तेच एकत्र मीटरवरचे असतात. मात्र कोणाचे बिल आले नाही हे वर्गात नावाने विचारू नये.

ज्यांना जोडणी नाकारली गेली असेल त्यांच्यासाठी कायद्याने पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली तक्रार कंपनीकडे, मग कलम ४२ खालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. कर्नाटकात यासंबंधीचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने २००४ मध्ये केले. या कोठेही वकिलाची सक्ती नाही. लागतात ते दोन कागद, ओळखीचा पुरावा आणि त्या जागेत राहत असल्याचा पुरावा. आणि तिसरा, जो खिडकीवर मागितल्याशिवाय मिळत नाही, तो म्हणजे अर्ज मिळाल्याची तारखेसह पोच. दिवसांची मोजणी त्या तारखेपासून सुरू होते.